डोक्याला मार लागला तर सीटी स्कॅन नको? फॉरवर्ड करण्याआधी हे वाचा

परळच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘डोक्याला मार लागला तर सीटी स्कॅन करू नका. रक्ताच्या एका थेंबात मेंदूची इजा कळते. अमेरिकेने मान्यता दिली आहे, डॉक्टर लपवतात.’

मान्यतेचं खरं आहे. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं-उपकरणांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, फेब्रुवारी २०१८ मध्ये अशा चाचणीला परवानगी दिली. जीएफएपी आणि यूसीएच-एल१ ही मेंदूच्या पेशींतली दोन प्रथिनं. मेंदूला इजा झाली की ती रक्तात उतरतात, आणि चाचणी तीच मोजते.

पण ‘स्कॅन नको’ हे कुठून काढलं? ज्या अभ्यासावर परवानगी मिळाली, त्याचेच आकडे बघा. १,९५९ जणांपैकी १२५ जणांच्या स्कॅनमध्ये इजा दिसली. चाचणी निगेटिव्ह आलेल्या ६७१ जणांत अशी इजा फक्त तिघांना होती. म्हणजे निगेटिव्हवर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो. पॉझिटिव्ह मात्र १,२८८ आले, आणि त्यातल्या हजाराहून जास्त जणांचं स्कॅन साफ निघालं! पॉझिटिव्ह आलं की स्कॅन करावंच लागतं. चाचणीने स्कॅनची रांग थोडी कमी होते, इतकंच.

‘एक थेंब’ही नाही, रक्त शिरेतून काढतात. खाटेशेजारी पंधरा मिनिटांत निकाल देणारी चाचणी २०२४ मध्ये मंजूर झाली, तीही १८ वर्षांवरच्यांना, मार लागल्यापासून २४ तासांच्या आत आणि पेशंट बऱ्यापैकी शुद्धीवर असेल तरच. गॅलरीतून पडलेल्या पोराला हा मेसेज लावू नका.

मला खरी काळजी आहे ती मेसेजखाली हात जोडणाऱ्या काकामंडळींची. त्यातले कितीतरी जण रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतात. बाथरूममध्ये घसरायचं, टेंगूळ यायचं, उतरायचं. तीन-चार आठवड्यांनी एक पाय ओढत चालायला लागतात, चहाचा कप हातातून निसटतो, आणि घरचे म्हणतात, वय झालं. कवटीखाली तेव्हा हळूहळू रक्त साठलेलं असू शकतं. चोवीस तासांची मुदत कधीच टळलेली असते. ते दिसतं स्कॅनमध्येच.

राहिलं ‘लपवतात’. कॅज्युअल्टीत डॉक्टर आधी टॉर्चने बुबुळं बघतात, नाव-वार विचारतात, हात-पाय हलवायला लावतात, शुद्धीला पंधरापैकी गुण देतात आणि मगच स्कॅनचं ठरवतात. स्कॅनमध्ये किरणोत्सर्ग असतो हे त्यांनाही ठाऊक आहे.

डोक्याला मार लागल्यावर वारंवार उलट्या, झटका, वाढती गुंगी किंवा नाका-कानातून पाण्यासारखा स्राव दिसला तर १०८ लावा. पॅथॉलॉजी लॅब शोधत बसू नका.