प्रभागात प्राणिसंग्रहालय काढणाऱ्यांसाठी

तुमच्या प्रभागात बाग आहे, बागेत मोकळी जागा आहे आणि निवडणूक तोंडावर आली आहे, म्हणजे तुम्ही आता प्राणिसंग्रहालय काढणार. काढाच. सांगलीकराला आजवर मगर बघायची तर कृष्णेच्या काठावर ताटकळावं लागतं आणि ती बाई तिच्या मर्जीने वर येते. शहराची ही गैरसोय कुणीतरी दूर करायलाच हवी होती.

आधी कायद्याचं बघून घेऊ. वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या मंजुरीशिवाय संग्रहालय सुरू करता येत नाही. म्हणून पहिल्यांदा कमान बांधा. कमानीला त्यांची मंजुरी लागत नाही आणि फोटो तिच्यासमोरच निघतात. 2009 च्या नियमांत आठवड्यातून एक दिवस संग्रहालय बंद ठेवायला सांगितलंय. हा दिवस खास पाहुण्यांसाठी राखून ठेवावा. गर्दी नसते, प्राणी निवांत पडलेला असतो आणि साहेबांच्या नातवाला काचेवर टकटक करायला भरपूर जागा मिळते. प्राण्यांना डिवचणं, खायला घालणं गुन्हा आहे, अशी मोठी पाटी लावा. पाटीच्या सावलीत भडंगाचा गाडा छान चालेल. मेव्हणे काय करतात सध्या?

आता प्राणिकल्याण. हा विषय बैठकीत निघणारच, तेव्हा 'पाच स्वातंत्र्यं' पाठ करून जा. ब्रिटनमध्ये 1979 साली शेतातल्या जनावरांसाठी ती मांडली गेली, पुढे प्राणिसंग्रहालयांनीही उचलली. प्राण्याला भूक-तहान नको, गैरसोय नको, दुखणं-आजार नको, भीती नको आणि आपल्या स्वभावाप्रमाणे वागता यावं. यातल्या पहिल्या तिघांची बिलं निघतात: मटण, फरशी, औषधं. उरलेल्या दोघांना पावती मिळत नाही. लेखापरीक्षक हरकत घेतील असं काही मुळात करूच नये.

बिबट्या दिवसभर गजांना घासून इकडून तिकडे फिरेल, दर वेळी त्याच फरशीवर, त्याच बाजूला मान वळवून. कुणी जाणकार म्हणेल की हे कोंडलेपणाचं लक्षण आहे. तुम्ही म्हणा, तब्येतीला जपतो. शिराळ्याच्या उसात त्याला एवढी शिस्त होती का? तो जाणकार मग सुचवेल की मांस लपवून ठेवा, त्याला शोधू द्या. मसाल्याचे वास शिंपडा, ओंडके बदलत राहा, चढायला उंच जागा द्या. जगभरातली चांगली संग्रहालयं हेच करतात आणि यातल्या बऱ्याच गोष्टींना फारसा खर्च येत नाही. नेमकी तिथेच गोम आहे. ओंडक्याचं टेंडर निघत नाही. सिमेंटचा वटवृक्ष, त्याला हिरवा ऑइलपेंट आणि शेजारी पेंग्विनच्या तोंडाची कचराकुंडी असं केलं तर कामाला काही आकार येतो.

पिंजरे झाडणारा एक मामा असेल, ठेकेदाराकडे रोजंदारीवर. कोल्हा दोन दिवस जेवला नाही, माकडीण केस उपटतेय, मोर पाय उचलून धरतोय हे त्याला डॉक्टरच्या आधी कळतं. म्हणून त्याला बैठकीला बोलावू नका. कल्याण समितीत ठेकेदार, बागेचे सुशोभन सल्लागार आणि तुम्ही असे तिघे पुरेत. अकरा महिने झाले की मामाला बदला. तो जनावरांना ओळखायला लागला की तक्रारी सुरू होतात.

मत्स्यालय त्यामानाने सुखाचं. टाकीत पाणी भरल्यावर माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये जम बसवायला काही आठवडे घेतात आणि तोवर टाकीत थोडेच मासे ठेवावेत, असं शास्त्र आहे. पण फीत कापायची तारीख पालकमंत्र्यांनी दिलेली असते, जिवाणूंनी नव्हे. सकाळी नळाचं पाणी भरा, दुपारी शंभरभर गोल्डफिश सोडा. चार दिवसांत उलटे तरंगायला लागले की रात्री दुकानातून नवे आणा, पाटीवरचं नाव तेच राहतं. प्रवेशद्वारापाशी काचेचा गोल वाडगाही ठेवा. रोमच्या महापालिकेने असल्या वाडग्यात गोल्डफिश ठेवण्यावर 2005 सालीच बंदी घातली. गटारं तुंबत नसावीत त्यांच्याकडे.

राहिला पूर. बाग नदीकाठी आहे, म्हणून तर ती मोकळी राहिली. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ 45 फुटांना धोका पातळी, 2019 मध्ये पाणी 57 च्या वर गेलं होतं. तुमचे पिंजरे किती फुटांवर आहेत हे नकाशात दाखवू नका. पाणी चढायला लागलं की आधी जनरेटर हलवा, तो भाड्याचा असतो. हरणांचं जमलं तर बघा. मगरीची काळजी नको, तिला घरची वाट माहीत आहे. पंचनाम्यात 'वाहून गेली' लिहा आणि भरपाई मागा. पूर ओसरल्यावर कुठल्या तरी घाटावर एखादी मगर ऊन खात पडलेली दिसेलच. तिला जाळं टाकून आणा आणि रजिस्टरात नवी आवक दाखवा.