शेजारी हाकलायचं यंत्र: लावण्याच्या सूचना

भाताला दूध भरायला लागलं, मुनियांचे थवे कुणग्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, उतरू लागले आणि तुम्ही तालुक्याला जाऊन पाखरं हाकलायला बार करणारी गॅस गन घेऊन आलात, त्याबद्दल आधी अभिनंदन. एकदा लावली की पाखरू फिरकत नाही, असं दुकानदाराने सांगितलंच असेल. खरं आहे. पहिले चार-पाच दिवस फिरकत नाही. त्यानंतर कापणीपर्यंत गन पाखरांच्या काही कामाची राहत नाही. ती फुकट जाऊ नये, निदान वाडीला तरी नीट लागावी, म्हणून या सूचना.

यंत्र तसं साधं आहे. सिलिंडर, रेग्युलेटर, रबरी नळी, पडदा बसवलेली एक डबी, तिला झडप, मागे खटका आणि पुढे पत्र्याची लांब नळी. डबीत गॅस हळूहळू भरतो, पडदा फुगतो, ठरलेल्या दाबाला झडप उघडते, गॅस एकदम नळीत जाऊन हवेत मिसळतो आणि त्याच झटक्यात खटका ठिणगी टाकतो. शेगडीच्या लायटरमध्ये असतो तोच हा खटका. दोन बारांमध्ये किती वेळ जावा हे गॅस किती हळू सोडता त्यावर ठरतं. त्यासाठी एक बारीक स्क्रू असतो. तो आवळत नेला की वीस-पंचवीस मिनिटांनी एक बार, सैल सोडला की मिनिट-दोन मिनिटांनी एक. तुम्ही पाच मिनिटांवर ठेवा आणि पुन्हा त्याला हात लावू नका. पहाटे पाच ते संध्याकाळी सात म्हणजे चौदा तास. तासाला बारा बार धरले तर दिवसाला 168. दीड महिन्यात 7,560. यात रविवार, श्राद्धपक्ष आणि दहावीचा अभ्यास धरलेला नाही, धरायचाही नाही.

सिलिंडर अर्थातच घरातला लाल, 14.2 किलोचा. घरगुती गॅस चुलीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही, बाहेरच्या कामाला 19 किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो, हे तुम्हालाही माहीत आहे आणि गॅसवाल्यालाही. तेव्हा त्यावर चर्चा नको.

आता जागा. इथे घाई करू नका, कारण सगळी करामत इथेच आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या गावांची मांडणी बघा: वाळूची पुळण, मग माडा-पोफळींत घरं, घरांच्या मागे भाताचा मळा आणि मळ्यामागे डोंगर, वर सपाट कातळाचा सडा. गन डोंगराच्या पायथ्याशी ठेवायची आणि नळीचं तोंड पश्चिमेला, म्हणजे घरांकडे करायचं. कारण नळीच्या तोंडासमोर आवाज सगळ्यात जास्त जातो, पाठीमागे कमी. तोंड डोंगराकडे केलंत तर थोडा आवाज रानात मुरेल, आणि मग गन घेतली कशाला? त्यातही मागे जांभ्याचा उभा कडा असेल अशी जागा मिळाली तर सोडू नका. एका बाराचे दोन ऐकू येतात, दुसरा गॅस न जाळता.

पहाटेची वेळ का धरायची, तेही सांगतो. दिवसा खारा वारा समुद्राकडून येतो आणि आवाज थोडा मागे रेटतो. रात्री जमीन निवते आणि मतलई वारा डोंगराकडून समुद्राकडे, म्हणजे मळ्याकडून घरांकडे वाहतो. वाऱ्याच्या दिशेने जाणारा आवाज जमिनीकडे वाकतो. शिवाय पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची त्यामानाने उबदार असते, त्यामुळे एरवी वर निघून जाणारा आवाजही खाली वळतो. दुपारी जो बार तीन घरांपुरता असतो तो पहाटे पुळणीवर जाळी आवरणाऱ्यांपर्यंत जातो. निसर्गाने एवढी सोय करून ठेवली आहे. ती वाया घालवून सूर्य वर येईपर्यंत थांबणं म्हणजे करंटेपणा.

हिशोबच हवा असेल तर तोही सोपा आहे. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. नळीपासून एक मीटरवर 125 धरा. 128 मीटरपर्यंत अंतर सात वेळा दुप्पट होतं, म्हणजे 42 उतरले, उरले 83. एवढ्या अंतरावर कुणाची तरी पडवी असतेच. ब्रिटनमधल्या शेतकरी संघटनेने घरांपासून निदान 200 मीटरच्या आत अशा गन टाळा, असं आपल्या सभासदांना सांगून ठेवलंय. त्यांच्याकडे शेतं मोठी. आपल्या मळ्यात घरापासून 200 मीटर चाललात तर दुसऱ्याच्या हद्दीत, नाहीतर व्हाळाच्या पाण्यात उभे राहाल.

काही लोक नळीच्या घरांकडच्या तीन बाजूंना पेंढ्याचे भारे रचतात. भारे दाट लावले, नळीपासून हातभर दूर आणि तिच्यापेक्षा उंच ठेवले, तर घरांकडे जाणारा आवाज खरोखर कमी होतो. असल्या भानगडीत पडू नका. पडलातच तर भारा तोंडाला टेकवा, म्हणजे पहिल्याच बाराला पेट घेईल आणि पुन्हा कुणी सुचवणार नाही.

आता पाखरांचं. पाखरं आवाजाला भीत नाहीत, अनपेक्षित गोष्टीला भितात. एकाच जागेवरून, एकाच आवाजात, बरोबर पाच-पाच मिनिटांनी बार होतो आणि कुणाला काहीच होत नाही, हे त्यांना काही दिवसांत कळतं. मग बार झाला की थवा हात-दोन हात वर उठतो आणि त्याच लोंबीवर परत बसतो. पुढे उठतही नाही. म्हणून जाणकार सांगतात की गन दर दोन-तीन दिवसांनी हलवा, वेळ मागेपुढे करा, पाखरं उतरतात त्या सकाळच्या दोन-तीन तासांत आणि उतरत्या उन्हातच चालू ठेवा, भर दुपारी बंद करा, आणि मधूनच बारासोबत माणूस उभा राहून हात हलवील असं बघा, म्हणजे आवाजाला काहीतरी अर्थ राहतो. एवढं करायचं तर रोज मळ्यात जावं लागतं. रोज मळ्यात जायला माणूस असता तर त्याच्या हातात डबा आणि गोफण देऊन भागलं असतं, नाही का? गन तर तुम्ही मुंबईला परत जाता यावं म्हणून घेतलीत.

रात्री बंद ठेवायची का, हा प्रश्न अधूनमधून कुणीतरी विचारतो. मुनिया, सुगरण, पोपट यांतलं एकही पाखरू रात्री भात खात नाही. बऱ्याच गनांना उजेडावर चालणारा डोळा बसवता येतो, अंधार पडला की ती आपोआप थांबते. तो डोळा काळ्या टेपने बंद करू नका, कारण मग त्याला कायम रात्रच वाटेल आणि गन दिवसाही चालणार नाही. तो मुळातच विकत घेऊ नका. कुणी विचारलंच तर ‘डुकरं येतात’ म्हणा. डुकरं येतातच. ती गनला पाखरांइतक्याच दिवसांत सरावतात, पण हे विचारणाऱ्याला माहीत नसतं.

नुकसान खोटं आहे असं कुणी म्हणत नाही. दुधाळ दाणा मुनियेने चोचीत दाबला की लोंबी पांढरी, पोकळ राहते, आणि हे कापणीच्या वेळीच कळतं. त्यात सगळा मळा गरव्या, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या, भाताचा आणि तुमचा एकच कुणगा हळव्या, लवकर पिकणाऱ्या कर्जत-3 चा असेल, तर आधी तो पिकतो आणि पंचक्रोशीतली पाखरं एकट्या तुमच्याकडे जेवायला येतात. शेजाऱ्यांशी बोलून सगळ्यांनी एका वेळी पिकणारं बियाणं पेरलं तर हे नुकसान सगळ्यांत वाटलं जातं आणि कुणाच्याच वाट्याला फार येत नाही. पण शेजाऱ्यांशी बोलणं तुम्ही गन लावली त्याच दिवशी संपलं.

देखभालीला कोकणात गनचे शत्रू तीन: दव, खारी हवा आणि कुंभारीण. दवाने खटका ओला होतो, खाऱ्या हवेने त्याची तार गंजते, आणि आठ दिवस गन बंद राहिली की कुंभारीण माशी गॅसच्या बारीक भोकात मातीचं घर बांधते. मग ठिणगी एकदा चुकते, गॅस नळीत साठतो आणि पुढच्या खेपेला कधीकधी आणखी मोठा आवाज होतो. हा बोनस समजा. मात्र गन का थांबली हे बघायला नळीत डोकावू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचून राहतो. आधी सिलिंडर बंद करायचा, दहा मिनिटं थांबायचं, नळी वाऱ्याकडे धरायची, आणि मगच झाडूची काडी घालून भोक साफ करायचं. इथे उपरोध नाही, खरंच असं करा.

गॅस परवडत नसेल त्यांच्यासाठी प्लॅस्टिकच्या पाइपाची कार्बाइड गन जत्रेत मिळते. कार्बाइडवर पाणी पडलं की ॲसिटिलीन वायू तयार होतो, आणि हा वायू हवेत थोडा असला काय किंवा खूप असला काय, ठिणगीला पेटतोच. एलपीजीसारखं प्रमाण जुळावं लागत नाही, हीच त्याची खुबी. म्हणून न उडालेला बार केव्हा उडेल याचा नेम नसतो, आणि ‘का उडाला नाही’ हे बघायला डोळा नळीच्या तोंडाशी नेणारा माणूस प्रत्येक गावात असतो. 2025 च्या दिवाळीत मध्य प्रदेशात याच खेळण्याने कितीतरी मुलांच्या डोळ्यांना इजा झाली आणि तिथल्या सरकारला बंदी घालावी लागली. आपल्याकडे मजा अशी की कार्बाइडने आंबा पिकवायला कायद्याने बंदी आहे, पण तोच आंबा झाडावर असताना वानरांपासून राखायला कार्बाइड हातोहात मिळतं. एकाच पुडीतलं अर्धं चोरून, अर्धं उघड.

वानरांचा विषय निघालाच आहे तर स्पीकरचं बघू. बॅटरी, कर्णा आणि मेमरी कार्डावर वाघाची डरकाळी, तीन मिनिटांची, पुन्हा पुन्हा. बहुतेक कार्डांवर वाघ नसून आफ्रिकेतला सिंह असतो. कलमांच्या बागेतल्या वानराने सिंह कधी ऐकलेला नाही. तो ओळखतो बिबट्याला, आणि बिबट्याचा आवाज लाकूड करवतीने कापल्यासारखा खरखरीत असतो. वानर पहिल्या दिवशी दचकतं, दुसऱ्या दिवशी कर्ण्याकडे टक लावून बघतं, तिसऱ्या दिवशी कर्ण्याच्या वरच्या फांदीवर बसून कैरी खातं. वाडीतले कुत्रे मात्र हा सिंह मनावर घेतात आणि रात्रभर उत्तर देतात. एका कार्डात दोन आवाज मिळाले, दुसरा फुकट.

तक्रारीची तयारी आधीच ठेवा. सगळ्यात आधी गडग्यापलीकडची काकी येईल: ‘पाखरां तुझ्या कुणग्यात, मगे माका कित्याक उठयतंस?’ तिला डेसिबल सांगा, ती परत जाईल. मग कुणीतरी शिकलेला मुलगा 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम घेऊन येईल: राहत्या वस्तीत दिवसा 55, रात्री दहा ते सकाळी सहा 45. त्याला सांगा की या मर्यादा सरासरीच्या आहेत आणि तुमचा बार पापणी लवायच्या आत संपतो. तो फोनवरचं ॲप दाखवील. फोनचा माइक इतक्या मोठ्या आणि इतक्या छोट्या आवाजापुढे हात टेकतो आणि आकडा कमीच दाखवतो. तुमचा विजय. ग्रामपंचायत त्याला पोलीस पाटलांकडे पाठवील, पोलीस पाटील ठाण्यात, ठाण्यात विचारतील, ‘लाउडस्पीकर आहे का? नाही? मग?’ एकच धोका आहे. सार्वजनिक उपद्रव बंद करायला सांगण्याचा अधिकार कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना असतो. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 133 होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 152 आहे. अर्ज त्यांच्याच कार्यालयात द्यायचा असतो आणि तारीख-वेळ लिहिलेली बारांची वही सोबत असली तर तो टिकतो. हा परिच्छेद वाडीत कुणाला वाचून दाखवू नका.

काही मंडळी तुम्हाला लाल-चंदेरी चमकीची पट्टी लावायला सांगतील. दोन काठ्यांमध्ये पट्टी ताणायची, मध्ये चार-पाच पीळ द्यायचे आणि लोंब्यांपेक्षा थोडी वर ठेवायची. वारा लागला की ती चमकते आणि गुणगुणते. दाण्यात दूध भरण्याच्या दोन दिवस आधी लावली आणि दाणा कडक झाल्यावर काढली तर बऱ्यापैकी चालते. छोट्या कुणग्यावर जाळी टाकली तर त्याहून चांगली. दोन्हींचा आवाज पडवीपर्यंत पोचत नाही, म्हणजे तुम्ही काही केलंत हे गावाला कळणारच नाही. विचार करा.

कापणी झाली की गन काढायची घाई नको. भारे खळ्यात गेले, कुणग्यात नुसती धसकटं उरली, त्यांत बगळे उतरून किडे टिपतायत. बगळे काही खात नाहीत तुमचं, उलट कीड कमी करतात. पण स्क्रू पाच मिनिटांवर आहे, तुम्ही परळला आहात, आणि सिलिंडर अजून अर्धा आहे.