पाचपैकी किती ते सांग!

ठाणे-वाशी लोकलमध्ये दाराशेजारचा कोपरा धरून महिनाभर ‘बर्सर्क’ वाचली. १९८९ ला सुरू झालेली मांगा, म्हणजे जपानी कॉमिक. २०२१ मध्ये तिचे लेखक-चित्रकार केंतारो मिउरा गेले, पुढच्या वर्षी त्यांचे मित्र कोउजी मोरी यांच्या देखरेखीखाली पुन्हा चालू झाली. त्या रेषांमागची मेहनत, शब्दच नसलेली पानं, मध्येच रेंगाळलेला समुद्रप्रवास, सगळं परीक्षणात खरंखरं लिहिलं. आणि तलावपाळीवर मित्र म्हणतो, “एवढं कोण वाचणार? पाचपैकी किती ते सांग.” साडेतीन म्हटलं, तर “म्हणजे बकवास?” अरे बाबा, आवडलेल्या गोष्टीतही खोट काढता येते! वर मावशीचं “या वयात कार्टूनची पुस्तकं?” आहेच. आणि गाडीतले काका, “बाळा, पुस्तक उलटं धरलंयस.” उजवीकडून डावीकडेच वाचतात हो, काका!