अर्थिंगचा पिन कापून लॅन सुधारत नाही

"वायरचं इंटरनेट सारखं तुटतंय? टेक्निशियन लपवतात ते ७ उपाय." हा मेसेज तुमच्याकडेही आला असेल. खाली हिरव्या टिकांची माळ, आणि शेवटी "गरजूंपर्यंत पोचवा". इतके दिवस मी तो आला की पुसून टाकत होते. पण तो मामांपर्यंत पोचला, त्यांच्या कॉम्प्युटरचं नेट खरोखरच मधेमधे जातं, आणि त्यांनी फोन करून विचारलं, "पहिल्या उपायासाठी पक्कड काढून ठेवलीये, कापू ना?" म्हणून हे लिहितेय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: कॉम्प्युटरच्या थ्री-पिन प्लगचा जाड पिन कापून टाका, कारण अर्थिंगमधून लॅनमध्ये, म्हणजे घरातल्या वायरच्या नेटवर्कमध्ये, 'नॉइज' (सिग्नल बिघडवणारा विजेचा कचरा) शिरतो. केबलच्या तारांचा रंगक्रम काहीही ठेवा, दोन्ही टोकांना सारखा असला की झालं. नेटवर्क कार्डाचा स्पीड हाताने '१०० फुल डुप्लेक्स'वर लावा. वीजबचतीची सेटिंग बंद करा. कॅट-८ दर्जाची केबल आणा. डीएनएस बदला. उरलेली केबल गुंडाळून ठेवू नका, तिचं चुंबक होतं.

पहिला उपाय जिवावर बेतणारा आहे, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात.

कॉम्प्युटरचा कॅबिनेट पत्र्याचा असतो आणि तो पत्रा अर्थिंगच्या तारेला जोडलेला असतो. आत कधी फेजची वायर सैल होऊन पत्र्याला टेकली, तर करंट अर्थिंगमधून जातो, एमसीबी किंवा आरसीडी (धोका दिसला की वीज आपोआप तोडणारी बटणं) पडतो आणि विषय तिथेच संपतो. पिन कापलात की काहीच पडत नाही. कॅबिनेट तसाच जिवंत राहतो आणि कोणीतरी हात लावायची वाट बघत बसतो.

बरं, आतली एकही वायर सैल नसली तरी पिन कापल्याचा परिणाम जाणवतोच. पॉवर सप्लायच्या तोंडाशी गाळणी म्हणून दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून, आणि दोघांचं दुसरं टोक कॅबिनेटला, म्हणजे अर्थिंगला जोडलेलं असतं. सप्लायमधला कचरा अर्थिंगमध्ये सोडणं हेच त्यांचं काम. अर्थिंग काढलं की पत्र्यावर मेन्सच्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज तरंगायला लागतं. करंट अगदी थोडा असतो, पण हात लावला की झिणझिण्या येतात. आणि ज्या 'नॉइज'साठी पिन कापला, त्याला जायची वाट आपणच बंद केली! सर्ज प्रोटेक्टर लावला असेल तर त्याचंही अर्धं काम अर्थिंगवरच चालतं.

आता लॅनपुरतं बोलू. वायरच्या लॅनची पद्धत म्हणजे इथरनेट. तिचं मानक आहे आयईईई ८०२.३, आणि राउटर, स्विच (एका केबलवर अनेक उपकरणं जोडायची पेटी), नेटवर्क कार्ड हे सगळं त्याच्यावरच बेतलेलं असतं. त्यात स्पष्ट अट आहे की पोर्ट (केबल खोचायची जागा) आणि उपकरणाचा बाकीचा भाग यांच्यात विद्युत विलगता हवी, इतकी की ६० सेकंद १५०० व्होल्ट एसी लावला तरी ती टिकली पाहिजे. त्यासाठी प्रत्येक पोर्टमागे चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात. सिग्नल जोडीतल्या दोन तारांमधल्या फरकावर चालतो, जमिनीच्या पातळीशी त्याला देणंघेणं नसतं. म्हणजे साध्या केबलमधून अर्थिंगचा नॉइज 'शिरतो' ही कल्पनाच मुळात निकालात निघते. हा उपाय बहुधा स्पीकरवाल्यांकडून उचललेला असावा. तिथे अर्थिंगच्या लूपमुळे गुणगुण येते आणि लोक असला अघोरी प्रकार करतात. तिथेही तो चुकीचाच.

एवढं मात्र कबूल करते की पत्र्याचं वेष्टन असलेली शील्डेड केबल दोन टोकांना दोन वेगवेगळ्या अर्थिंगशी जोडली गेली, तर वेष्टनातून करंट वाहू शकतो. त्यावर उपाय म्हणजे साधी, बिनवेष्टनाची केबल वापरणे. घरात तीच पुरते.

ज्यांनी पिन आधीच कापलाय, त्यांनी ती पॉवर कॉर्ड फेकून नवी आणावी. टेप गुंडाळून भागत नाही.

आता रंगक्रम. हा दावा ऐकायला शहाणपणाचा वाटतो, म्हणूनच तो जास्त सतावतो. तारेला रंग कळत नाही, हे खरं. दोन्ही टोकांना एकच क्रम असला की तारा सरळ जुळतात, हेही खरं. पण आतल्या आठ तारा सुट्या नसतात. त्या चार जोड्या असतात, प्रत्येक जोडी पिळलेली, आणि शेजारच्या जोडीचा सिग्नल आत घुसू न देणं हे त्या पिळाचं काम. प्लगमध्ये जोड्या बसतात त्या १-२, ३-६, ४-५ आणि ७-८ अशा. ३ आणि ६ ही एक जोडी आहे, मधल्या ४-५ ला कवेत घेऊन बसलेली. म्हणून नेहमीच्या 'बी' क्रमात पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, मग निळा, पांढरा-निळा, आणि त्यानंतर हिरवा येतो. शेवटी पांढरा-तपकिरी आणि तपकिरी. हिरव्यांच्या मध्ये निळे उगाच घुसवलेले नाहीत.

मेसेज वाचणारा माणूस साहजिकच जोड्या शेजारी शेजारी लावतो: नारिंगी, हिरवा, निळा, तपकिरी, छान नीटनेटकं. म्हणजे ३ नंबरची तार हिरव्या जोडीतली आणि ६ नंबरची निळ्या जोडीतली. सिग्नल जातो एका पिळातून आणि परततो दुसऱ्यातून. स्वस्तातला टेस्टर लावा, एक ते आठ दिवे ओळीने लागतील, कारण तो फक्त तार जोडली आहे की नाही एवढंच बघतो. केबल हातभर असेल तर सगळं चालेलही. तीच भिंतीतून दुसऱ्या खोलीत गेली की गिगाबिट (सेकंदाला १००० मेगाबिट) लिंक पडायला लागते, कधी १०० मेगाबिटवर घसरते, कधी अधूनमधून गायब होते. मग लोक राउटर बदलतात.

प्लग लावताना आणखी दोन गोष्टी बघा. पीळ प्लगच्या अगदी जवळपर्यंत ठेवायचा, १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडायचा नाही. आणि भिंतीतल्या केबलची तार एकसंध असते, तर टेबलावरच्या लवचिक केबलमध्ये बारीक तारांचा पुंजका असतो. दोघींचे प्लग वेगळे मिळतात. पुंजक्याचा प्लग एकसंध तारेवर दाबला तर सुरुवातीला चालतो, पुढे संपर्क सैल होतो, आणि मग 'दुपारी नेट जातं, रात्री येतं' असले किस्से सुरू होतात. केबल घेताना ती शुद्ध तांब्याची आहे का तेही विचारा. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम सर्रास विकलं जातं, त्याचा रोध जास्त, तार लवकर तुटते, आणि केबलच्या मानकात ते बसतच नाही.

तिसरा उपाय, '१०० फुल डुप्लेक्स'. हा तर चांगल्या लिंकला आजारी पाडायचा खात्रीचा मार्ग आहे. दोन्ही बाजूंची उपकरणं वेग आणि डुप्लेक्स (फुल म्हणजे दोघांनी एकाच वेळी बोलायचं, हाफ म्हणजे आळीपाळीने) आपापसांत बोलून ठरवतात, त्याला ऑटो-निगोशिएशन म्हणतात. कॉम्प्युटरवर तुम्ही हाताने सेटिंग लादली की तो बोलणं बंद करतो. राउटर बिचारा ऑटोवरच असतो. त्याला १०० चा सिग्नल ओळखू येतो, पण समोरचा फुल की हाफ ते कळायला मार्ग नसतो, आणि अशा वेळी हाफ धरायचं असं त्याच ८०२.३ मध्ये ठरलेलं आहे. आता एक बाजू वाटेल तेव्हा बोलते आणि दुसरी तिला टक्कर समजून थांबते. पिंग (समोरचा उत्तर देतो का ते बघायचा छोटा संदेश) मस्त येतं, वेबपेजही उघडतं, पण मोठी फाइल पाठवायला घ्या, रांगत जाते. गिगाबिटला तर ऑटो-निगोशिएशन सक्तीचंच आहे, कारण घड्याळ कोणाचं चालायचं हेही त्यातच ठरतं.

मग "माझं तर १०० वर टाकल्यावर थांबलं" असं सांगणारे लोक खोटं बोलतात का? नाही. १०० ला १, २, ३, ६ या चारच तारा लागतात, गिगाबिटला आठही. उरलेल्या चारांपैकी एखादी तुटकी असेल तर १०० वर आल्यावर ती वापरातच राहत नाही आणि लिंक शांत होते. म्हणजे केबल किंवा प्लग खराब असल्याचा पुरावा तुमच्या हातात आला. तो घेऊन प्लग बदलायचा, सेटिंग ठेवून आनंद मानायचा नाही.

वीजबचतीचा मुद्दा, नाइलाजाने, बराचसा मान्य. २०१० साली ८०२.३एझेड नावाची भर पडली, तिच्यामुळे रहदारी नसताना लिंक डुलकी घेते. दोन बाजूंच्या काही चिपांचं जागं होण्याचं गणित जुळत नाही आणि लिंक पडते. कार्डाच्या सेटिंगमध्ये 'एनर्जी एफिशियंट इथरनेट' किंवा 'ग्रीन इथरनेट' असं काही दिसलं तर ते बंद करून बघायला हरकत नाही. सात बाण मारले की एखादा लागतोच.

कॅट-८ डेटा सेंटरसाठी आहे, कमाल ३० मीटर, २५ आणि ४० गिगाबिटसाठी. घरच्या गिगाबिटला कॅट-५ई १०० मीटरपर्यंत पुरते. शिवाय कॅट-८ जाड, ताठ आणि शील्डेड, म्हणजे वरचा वेष्टनाचा घोळ विकत घेणं. डीएनएसने वेबसाइटच्या नावांवरून त्यांचे पत्ते शोधले जातात, पोर्टवरचा दिवा त्याने विझत नाही. गुंडाळीचं चुंबक होत नाही, कारण जोडीतले करंट उलटसुलट असतात आणि एकमेकांना खोडतात. केबल तीव्र वळणावर मोडली तर मात्र खराब होते.

या सातांत एकही ओळ 'आधी नेमकं काय तुटतंय ते बघा' असं सांगत नाही, ही माझी खरी तक्रार. नेट गेलं की आधी पोर्टवरचा दिवा बघा. दिवाच विझला तर भानगड केबल, प्लग, पोर्ट किंवा कार्डाची. प्लगची क्लिप मोडली आहे का बघा, टेबल हललं की नेट जाणाऱ्या घरात बहुतेक वेळा तीच असते. दिवा चालू आहे तर राउटरला सतत पिंग लावून ठेवा आणि दुसऱ्या खिडकीत बाहेरच्या एखाद्या पत्त्याला. राउटर उत्तर देतोय आणि बाहेरचा पत्ता देत नाही, तर तुमची लॅन निर्दोष आहे, सेवा देणाऱ्याला फोन करा. कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा (आयपी) पत्ता १६९.२५४ ने सुरू होताना दिसला तर त्याला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. जुना राउटर स्विच म्हणून वापरताना त्याचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, बंद करायला विसरलात तर दोघं दोन तऱ्हेचे पत्ते वाटतात, आणि नेट कधी चालतं कधी नाही. स्विचमधून निघालेली केबल परत त्याच स्विचमध्ये खोचली नाही ना, तेही बघा. साध्या स्विचला तो फेरा ओळखता येत नाही आणि सगळं घर एकदम ठप्प होतं.

दिवाच विझत असेल तर भिंतीतली केबल बाजूला ठेवा आणि राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत एक तयार केबल जमिनीवरून टाका. दिसायला वाईट दिसेल, दिसू दे. दिवसभर लिंक टिकली तर भिंतीतल्या केबलची दोन्ही टोकं कापून नवे प्लग दाबून बसवा (क्रिम्प करा). तरीही पडली तर जुन्या केबलच्या टोकाला नवी घट्ट बांधा आणि पाइपातून ओढून घ्या. तयार केबलवरही पडली, तर राउटरचा दुसरा पोर्ट, आणि मग नेटवर्क कार्ड.