पोटखराब्याचं सोनं कसं करावं

सॅन होजेहून यलोस्टोनला गाडीने निघालात आणि सिएरा नेवाडाचा घाट उतरून रीनो मागे टाकलंत, की गाडीतल्या मंडळींना खुशाल झोपू द्या. पुढे बघण्यासारखं काही नाही, असं मुलाकडे सहा महिने राहून परतलेल्या प्रत्येक आईबाबांनी पुण्यात सांगून ठेवलंय. क्षितिजापर्यंत कमरेएवढी राखाडी झुडपं, झुडपांच्या मध्ये उघडी माती, आणि कुठेतरी खोलगटात ओढ्याकाठी हिरवी रेघ. तिकडे सातबारा नसतो म्हणून, नाहीतर अख्ख्या नेवाडाची नोंद पोटखराब्यात झाली असती.

समजा, यातली हजारभर एकर उद्या तुमच्या नावावर झाली. घाबरू नका. अशा जमिनीचं काय करायचं याचा अमेरिकेच्या पश्चिम भागाला दीडशे वर्षांहून जास्त अनुभव आहे. तो इथे फुकट देतो आहे.

आधी जमीन मिळवायची कशी, ते. १८७७च्या डेझर्ट लँड कायद्याने माणशी ६४० एकर कोरडी जमीन सव्वा डॉलर एकराने मिळत असे. अट एवढीच, की तीन वर्षांत तिला पाणी द्यायचं. पाणी म्हणजे किती, हे ज्याच्या त्याच्या सदसद्विवेकबुद्धीवर. जमिनीवर बादली उपडी करायची आणि साक्षीदाराने शपथेवर सांगायचं की पाणी आलेलं मी डोळ्यांनी पाहिलं, असे किस्से आजही सांगतात. तुमची जमीन उलट पाणथळ असेल तर १८५०चा कायदा बघा. दलदली उपसून कोरड्या करा, असं सांगून केंद्राने त्या राज्यांना देऊन टाकल्या आणि राज्यांनी त्या किरकोळ भावात विकल्या. कॅलिफोर्नियात हेन्री मिलर नावाचा एक बडा गुरंवाला होता (कादंबरीकार तो वेगळा). त्याने म्हणे होडी घोडागाडीवर चढवली, स्वतः होडीत बसला, कोरडा माळ ओलांडला आणि ही जमीन मी होडीतून पार केली असं शपथेवर लिहून दिलं. दंतकथा असेल, पण आपल्या तलाठी कार्यालयात जाऊन आलेल्या माणसाला ती खोटी वाटणार नाही. दोन्ही कायद्यांचा भावार्थ एकच होता: जमीन ओली असो की कोरडी, आहे तशी ठेवायची नाही.

जमीन ताब्यात आली की झुडपाकडे वळा. याचं नाव सेजब्रश. आपण जोतिबाला चैत्रात दवणा वाहतो ना, त्याच्याच कुळातलं. पाऊस पडून गेला की माळभर तसाच उग्र वास सुटतो. पान रुपेरी, टोकाला तीन दाते. एक मूळ सरळ खोल जातं, बाकीची वरच्या मातीत पसरतात. रात्री हे झाड खालच्या ओल्या थरातलं पाणी वर ओढतं आणि वरच्या कोरड्या मातीत सोडतं. युटामध्ये संशोधकांनी ते १९८०च्या दशकात मोजूनही दाखवलं. शेजारची गवतं ते पाणी आयतं पितात. हिवाळ्यात याच्या आडोशाला बर्फ साठतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाला सावकाश मुरतो. सेजग्राउझ नावाचा पक्षी तर हिवाळाभर जवळजवळ निव्वळ याच्या पाल्यावर जगतो. मोबदला न घेता एवढ्यांचं करणाऱ्याची जगात जी गत होते, तीच याची करायची आहे. नेवाडाने १९१७ साली सेजब्रशला राज्यफुलाचा मान दिला. आपल्याकडेही आधी सत्कार होतो, मग रस्तारुंदी.

गुरं सेजब्रशला फारसं तोंड लावत नाहीत, एवढा गुन्हा पुरेसा आहे. दोन बुलडोझर आणा, मध्ये जहाजाच्या नांगराची साखळी बांधा आणि दोघांना समांतर हाका. समुद्र शेकडो मैल लांब असला तरी साखळी मिळेल, विसाव्या शतकात हजारो एकरांवर ती फिरली आहे. साखळी जड वाटत असेल तर विमानातून टू-फोर-डी हे तणनाशक फवारा. मोकळ्या झालेल्या मातीत क्रेस्टेड व्हीटग्रास हे रशियाकडचं गवत ओळीने पेरा. ओळी सरळ आल्या पाहिजेत. सरळ ओळ दिसली की कोणत्याही देशातल्या अधिकाऱ्याला विकास झाल्यासारखं वाटतं.

एवढी यातायात नको असेल तर उत्तम उपाय सांगतो. काही करू नका, फक्त गुरं जास्त सोडा. इथलं मूळ गवत ठोंबाठोंबाने वाढतं आणि दोन ठोंबांच्या मध्ये जमीन उघडी राहते. ती रिकामी मुळीच नसते. तिच्यावर नील-हरित जिवाणू, शेवाळ आणि दगडफूल यांची पातळ साय धरलेली असते. ती साय माती धरून ठेवते, आणि मध्ये जळण नसल्याने आगही पुढे सरकत नाही. खुरांनी ती एकदा मोडली की परत धरायला कितीतरी वर्षं जातात. तोवर तुमच्या मदतीला चीटग्रास येतं. हे युरोप-आशियातलं गवत एकोणिसाव्या शतकात धान्याच्या बियाण्यातून, पेंढ्यातून तिकडे पोचलं. शरदात उगवतं, वसंतातलं पाणी सगळ्यांच्या आधी पितं, बी टाकतं आणि जूनमध्येच वाळून कोळ होतं. ठोंबांमधल्या फटी भरल्या, की माळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पेटायला सज्ज.

आता नुसती वाट पाहा. विजेची ठिणगी, नाहीतर तुमच्यासारख्याच एखाद्या पर्यटकाची गरम झालेली गाडी. पूर्वी इथे दोन वणव्यांमध्ये कित्येक दशकं जायची. आयडाहोच्या स्नेक नदीच्या मैदानात काही ठिकाणी ते अंतर तीन ते पाच वर्षांवर आणण्यात यश आलं आहे. सेजब्रश जळालं की बुंध्यातून परत फुटत नाही आणि त्याचं बी चार पावलांपलीकडे जात नाही. चीटग्रास मात्र पुढच्या शरदात पुन्हा हजर. अशा तऱ्हेने सेजब्रशचा चांगला माळ वर्षाला सुमारे १३ लाख एकर या वेगाने कमी होतो आहे, तोही तुम्ही काडी न लावता. सेजग्राउझला संकटग्रस्तांच्या यादीत घ्यायचं का, यावर बरीच वर्षं खल झाला आणि २०१५ मध्ये गरज नाही असं ठरलं. यादी वाढली नाही, केवढा दिलासा.

(सोलापूरकरांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. नान्नजला माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं, आणि आता तिथे माळढोक दिसला तर बातमी होते. सरकारी नकाशात माळ पडीक म्हणून रंगवायचा आणि पावसाळा आला की त्यावर खड्डे खणून झाडं लावायची, फोटो काढायचे, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.)

पाणथळ जागांसाठी मात्र जास्त कौशल्य लागतं. पश्चिमेतल्या कोरड्या मुलखात ओढ्याकाठची हिरवी पट्टी जेमतेम शंभरात एक-दोन भाग, पण वन्यजीवांपैकी बहुतेकांना आयुष्यात कधी ना कधी तिथे यावंच लागतं. तिथे वाळुंज, कॉटनवूड, पाणगवतं. ही पट्टी नीट बिघडवायची तर सुरुवात टोपीपासून करा. बीव्हर म्हणजे फांद्या कुरतडून ओढ्यावर बांध घालणारा केसाळ प्राणी. त्याच्या लोकरीच्या टोप्यांची युरोपात चलती होती. हडसन्स बे या ब्रिटिश कातडी-व्यापारी कंपनीने १८२०च्या दशकात स्नेक नदीच्या खोऱ्यातले बीव्हर मुद्दाम निःशेष मारायला घेतले, म्हणजे प्रतिस्पर्धी अमेरिकी शिकारी तिकडे फिरकणार नाहीत. बीव्हर गेले, त्यांचे बांध फुटले, ओढे तळाशी खोल कापत गेले. भूजल खाली गेलं, ओल्या कुरणातली पाणगवतं वाळली आणि त्यांच्या जागी सेजब्रश शिरलं. म्हणजे वर तुम्ही जिथून सेजब्रश उपटलंत तिथे ते नाही, आणि जिथे नको होतं तिथे आहे. एवढं जमवायला पिढ्या लागतात.

यानंतर भरपाईचं काम निघतं आणि तेही रंजक आहे. १९४८ मध्ये आयडाहोच्या वन्यजीव खात्याने ७६ बीव्हर लाकडी पेट्यांत घालून पॅराशूटने दुर्गम रानात उतरवले. एक दगावला, बाकीचे कामाला लागले. अलीकडे तर ओढ्यात खुंट ठोकून, त्यात वाळुंजाच्या फांद्या विणून माणसंच बीव्हरसारखे बांध घालतात. त्यासाठी आराखडा लागतो, परवानगी लागते, निधी लागतो. बीव्हरकडे यातलं काहीच नव्हतं, त्यामुळे त्याचं काम कधी नोंदीवर आलं नाही.

काठ मोकळे झाले की झाऊ नावाचं झुडूप लावा. वाराही अडतो, माती वाहून जात नाही, म्हणून परदेशातला झाऊ तिकडे नद्याकाठी हौसेने लावला गेला. मग तो फार पाणी पितो म्हणून तोडायचं ठरलं. २००१ मध्ये त्याची पानं खाणारे किडे आणून सोडले. तोवर साउथवेस्टर्न विलो फ्लायकॅचर नावाचा संकटग्रस्त पक्षी, मूळचा वाळुंज उरला नाही म्हणून, झाऊतच घरटी करू लागला होता. २०१० मध्ये सरकारी खात्याने किडे सोडणं थांबवलं. किड्यांना मात्र तसं पत्र मिळालं नाही.

आता जरा मोठं काम. कॅलिफोर्नियातल्या ओवेन्स खोऱ्यात पायूट हे तिथले मूळ रहिवासी पाट काढून रानातल्याच कंदांना पाणी देत. त्यातला एक आपल्या शेतातल्या लव्हाळ्याचा सख्खा भाऊबंद, त्याच्या गाठी ते खात. लव्हाळ्याला मुद्दाम पाणी देणारी जमात म्हटल्यावर आपला शेतकरी कपाळावर हात मारील. लॉस एंजेलिसनेही तसंच काहीसं मनात आणलं असावं. १९१३ मध्ये शहराने सव्वादोनशे मैलांहून लांब कालवा काढून ओवेन्स नदीच नेली. १९२०च्या दशकात खालचं सरोवर आटलं. १९७० मध्ये दुसरा कालवा झाला, त्याच्यासाठी खोऱ्यात भूजल उपसलं आणि खारट कुरणं वाळली. सॉल्टबुश, ग्रीसवूड या झुडपांची मुळं पाण्याच्या पातळीवर जगतात, पातळीच खाली गेली. सरोवराच्या कोरड्या तळावरून उडणारी धूळ अमेरिकेत कुप्रसिद्ध झाली.

आणि इथे तुमचा खरा धंदा आहे. ती धूळ दाबण्यासाठी शहराने आतापर्यंत २ अब्ज डॉलरहून जास्त खर्च केला आहे. तळावर खडी पसरली, काही भागात उथळ पाणी सोडलं आणि काही भागात खारगवत लावून त्याला ठिबक केलं. खारगवत, जे या खोऱ्यात आपणहून उगवत होतं आणि ज्याने कधी ठिबक मागितलं नव्हतं. तेव्हा जमीन पडीक असताना कवडीमोलाने घ्या, पाणी विका आणि धूळ उडू लागली की ठिबकचं टेंडर भरा. एकाच जमिनीवर तीनदा कमाई असा दुसरा धंदा मला माहीत नाही.

ओवेन्सचं काम आता निम्म्याहून पुढे गेलंय, तेव्हा नवख्यांनी युटाकडे वळावं. ग्रेट सॉल्ट लेक २०२२च्या नोव्हेंबरात आजवरच्या सर्वांत खालच्या पातळीवर गेलं होतं. उघड्या पडलेल्या तळाच्या मातीत आर्सेनिक आहे आणि शेजारी दहा लाखांहून जास्त माणसं राहतात, म्हणजे गिऱ्हाईक शोधायला जावं लागणार नाही. तळाचा विस्तार ओवेन्सच्या कितीतरी पट, त्यामुळे टेंडरही त्याच हिशेबाचं निघेल. फक्त सरोवर पुन्हा भरता कामा नये, एवढी काळजी घ्या. त्याचं बरंचसं पाणी वरच्या खोऱ्यात गुरांच्या लसूणघासाला जातं, ती पाळी चुकवू नका.