१०९८ वर उरलेलं जेवण न्यायला कोणी येत नाही

लग्नसराई लागली की हा मेसेज फिरायला लागतो: ‘कार्यक्रमात जेवण उरलं तर फेकू नका. १०९८ ला फोन करा, ते येऊन घेऊन जातील. गरीब मुलांचं पोट भरेल. मेसेज थांबवू नका.’ यंदा तो आमच्या मावशीनं घरच्या ग्रुपवर टाकला आणि चोपड्याकडच्या एका चुलतभावानं हळदीच्या रात्री खरोखर फोन लावला. वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी उरलीय, न्यायला कधी येता?

नंबर खरा आहे, तेवढं मान्य. १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका उपक्रमातून सुरू झालेली ही संकटातल्या मुलांसाठीची हेल्पलाइन. चोवीस तास चालू, पैसे पडत नाहीत. २०२३ पासून ती मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेखाली सरकार चालवतं. जेवण नेण्याची गोष्ट मात्र धादांत खोटी. आधी हेल्पलाइन सांभाळणाऱ्या चाइल्डलाइन इंडिया फाउंडेशननंच ‘आम्ही उरलेलं अन्न गोळा करत नाही’ असा जाहीर खुलासा केला होता. तरी मेसेज फिरतोच आहे.

‘फोन करून बघायला काय जातं?’ असं मावशी म्हणाली. जातं ना मावशी! पलीकडचा माणूस विचारायला बसलेला असतो की मूल कुठं आहे, वय काय, आत्ता मारहाण चालू आहे का. भुसावळच्या फलाटावर घरातून पळून आलेलं एकटं पोरगं दिसलं तर हाच नंबर लावायचा. बाल न्याय कायदा, २०१५ प्रमाणे अशा मुलाला २४ तासांत बाल कल्याण समितीपुढं हजर करावं लागतं. तिथं एकेक तास मोलाचा असतो, आणि आपण त्या माणसाला बट्ट्या किती उरल्या ते सांगत बसतो.

माझा खरा संताप पुढेच आहे. आपल्याकडं आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आगेमागे लग्नांचा धडाका असतो, आणि त्यातल्या एखाद्या मांडवात नवरी नववी-दहावीतली असते. अख्ख्या भावकीला ठाऊक असतं, पण बोलत कोणी नाही. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यानं मुलगी १८ आणि मुलगा २१ वर्षांचा हवा. नाहीतर लग्न लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे आपला ग्रामसेवकच. १०९८ वर गाव, लग्नाची तारीख आणि मुलीची शाळा सांगितली, तर हळद लागायच्या आत लग्न थांबवता येतं, कोर्टाचा मनाई हुकूमही आणता येतो. तुमचं नाव सांगायचीही गरज नाही. ज्या दिवसांत हा फोन यायला हवा, नेमके त्याच दिवसांत हा मेसेज लोकांना भलत्याच कामासाठी तो नंबर फिरवायला लावतो.

‘गरीब मुलांचं पोट भरेल’ म्हणे. वैशाखाच्या उन्हात दुपारभर पडलेली भाजी लेकरांना घालायची? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं अंगणवाडीतला आहार आणि शाळेतलं दुपारचं जेवण हा मुलांचा हक्क आहे. तो आहार गावात नीट मिळतो का, हे कधी विचारलंय?

लग्नात अन्न वाया जातं, हे खरंच आहे. त्यासाठी आचाऱ्याला पानांचा आकडा नीट द्या. उरलेलं अन्न नेणारी मंडळी काही शहरांत आहेत. आपल्याकडं कोणी येतं का, ते मंगल कार्यालयवाल्याला बुकिंगच्या वेळीच विचारून त्यांचा नंबर घेऊन ठेवा.