चाळीस टक्के, पण कशाचे?

आमच्या डिप्लोमाच्या बॅचच्या ग्रुपवर एक मजकूर गेल्या महिनाभरात तीनदा आला. तिसऱ्यांदा आला तो ‘अभिमान वाटला तर पुढे पाठवा’ या पुस्तीसकट. थोडक्यात तो असा: डेटा सेंटर, म्हणजे इंटरनेटचा कारभार चालवणारे हजारो संगणक ठेवलेल्या इमारती, वीज खातात हा बागुलबुवा आहे. गुगल, मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन यांनी वीज कंपन्यांशी भागीदाऱ्या केल्यात आणि प्रश्न मिटलाय. एआयने डेटा सेंटरची ४० टक्के वीज वाचवली. आता १०० पैकी ९० युनिट थेट संगणकालाच मिळतात. सगळी वीज हरित आहे. कंपन्या स्वतःच्या अणुभट्ट्या चालवणार, म्हणजे ग्रिडवर, सगळ्यांच्या सामाईक वीजजाळ्यावर, भार शून्य. उरलेल्या उष्णतेवर परदेशात घरं ऊब घेतात. तेव्हा नवी मुंबईतल्या डेटा सेंटरवर शंका घेणारे प्रगतीचे शत्रू.

मी त्याच पट्ट्यात, एका डेटा सेंटरच्या चिलर प्लांटवर, म्हणजे संगणक थंड ठेवायला पाणी गार करणाऱ्या यंत्रांवर, बरीच वर्षं पाळीत काम केलंय. घर त्या पगारावर चाललं, त्यामुळे शत्रूबित्रू जाऊ द्या. पण लॉगबुकात दर तासाला रीडिंग लिहिलेल्या माणसाला हा मजकूर वाचताना सारखं वाटत राहतं की आकडा आहे, पण मीटर कुठला ते लिहिलेलंच नाही.

‘एआयने ४० टक्के वीज वाचवली.’

ही बातमी २०१६ची. गुगलने आपल्याच डीपमाइंड या एआय कंपनीची यंत्रणा डेटा सेंटरच्या कूलिंगवर लावली आणि कूलिंगला लागणारी वीज ४० टक्क्यांपर्यंत घटल्याचं जाहीर केलं. ‘कूलिंगला लागणारी’ हे दोन शब्द फॉरवर्ड होता होता गळाले. त्याच निवेदनात पुढचा आकडाही होता: संगणक सोडून इतर सगळ्या वरखर्चात १५ टक्के घट. आता कागद-पेन्सिल घ्या. गुगलच्या डेटा सेंटरची सरासरी त्या सुमारास अशी होती की संगणकांना १०० युनिट लागली तर चिलर, पंप, यूपीएस, दिवे धरून वर १२ लागायची. या सरासरीवर हिशेब केला तर १२चे १५ टक्के म्हणजे १.८ युनिट. एकूण ११२ मधून १.८ वाचली, म्हणजे दोन टक्क्यांच्याही आत.

हे काम हलकं नव्हतं. किती चिलर चालवायचे, कूलिंग टॉवरचे पंखे किती वेगाने फिरवायचे, पाणी किती अंशांवर पाठवायचं, हे सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. एकीकडे वाचवलं की दुसरीकडे वाढतं. बाहेरची हवा बदलली की सगळं गणित पुन्हा. अनुभवी ऑपरेटर ते अंदाजाने सांभाळतो. यंत्राने ते जास्त बारकाईने सांभाळलं. एवढ्या मोठ्या कारभारात दोन टक्केसुद्धा भरपूर. फक्त ते दोन आहेत, चाळीस नाहीत.

‘१०० पैकी ९० युनिट थेट संगणकाला.’

या मागे आहे पीयूई नावाचं माप: डेटा सेंटरला आलेली एकूण वीज भागिले संगणकांपर्यंत पोचलेली वीज. एक आलं तर आदर्श. हे माप प्रचारात आणलं ‘द ग्रीन ग्रिड’ या संघटनेने २००७ मध्ये. एएमडी आणि इंटेल, डेल आणि एचपी, आयबीएम, मायक्रोसॉफ्ट असे बाजारात एकमेकांशी झुंजणारे त्यात एकत्र आले होते. पुढे २०११ मध्ये फेसबुकने ऑरेगॉनमधल्या प्राइनव्हिल इथल्या आपल्या डेटा सेंटरचे आराखडे ‘ओपन कम्प्यूट’ प्रकल्पातून सगळ्यांना खुले केले. माझ्या मते या क्षेत्रातल्या भागीदाऱ्यांत हे दोन प्रयत्न सर्वांत मोलाचे. पण मजकुरात दोघांचं नावही नाही, कारण त्यांत अणुभट्टीसारखं फोटो काढण्याजोगं काही नाही.

फरक किती पडला? डेटा सेंटरचा अभ्यास करणाऱ्या अपटाइम इन्स्टिट्यूटच्या पाहणीत २००७ मध्ये सरासरी पीयूई २.५ होता. २०२४ मध्ये तो १.५६ आला. गुगल २०२४ साठी स्वतःचा सांगते १.०९. म्हणजे ९० युनिटवाली गोष्ट गुगलपुरती खरी. जगाच्या सरासरीत १०० पैकी ६४ युनिटच संगणकाला पोचतात. आणि ही सरासरी पहिल्या काही वर्षांत भराभर उतरली, मग गेली कित्येक वर्षं तिथेच घुटमळते आहे.

त्यात हवामान. फिनलंडमधल्या हामिना इथे गुगलने जुनी कागद गिरणी घेतली आणि समुद्राच्या गार पाण्यावर डेटा सेंटर थंड ठेवलं. नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या खाडीचं पाणी मे महिन्यात त्या कामाला येईल का, हे कुठल्याही ऐरोलीकराला विचारा. दमट हवेत कूलिंग टॉवरचाही जोर कमी पडतो. पाणी उडवून, वाफ करून वीज वाचवता येते, पण मग बिल नळाकडे सरकतं. ऑरेगॉनमधल्या द डॅल्स या गावात २०२१ मध्ये गावाच्या एकूण पाण्याचा चौथ्या हिश्शाहून जास्त वापर एकट्या गुगलच्या डेटा सेंटरचा होता. पीयूईत पाणी मोजलं जात नाही.

आणखी एक गंमत, जी आम्हा पाळीवाल्यांना चांगली माहीत असते. हॉलचं तापमान थोडं वाढवलं की चिलरची वीज कमी होते. पण सर्व्हरला, म्हणजे हॉलमधल्या संगणकाला, गरम लागलं की त्याच्या पोटातले छोटे पंखे जोरात फिरू लागतात. त्या पंख्यांची वीज धरली जाते संगणकाच्या खात्यात. म्हणजे एका मर्यादेपलीकडे एकूण वीज वाढली तरी पीयूई सुधारलेला दिसतो, आणि महिन्याच्या अहवालावर सगळे खूश. सर्व्हर नुसता चालू ठेवलाय, काम काहीच करत नाही, तरी पीयूईच्या लेखी त्याला मिळालेली वीज सत्कारणीच लागलेली असते.

‘सगळी वीज हरित.’

इथे मजकूर सर्वांत जास्त घसरतो. २०१७ पासून गुगल म्हणते की वर्षभरात जेवढी वीज वापरली तेवढी अक्षय ऊर्जा विकत घेतली. हे खरं आहे. पण हा वर्षाचा हिशेब आहे. वार्षिक सरासरीत महाबळेश्वरचा आषाढातला पाऊस माणच्या दुष्काळी गावाच्या नावावर टाकता येईल. मे महिन्यात त्या गावात टँकर तरीही येणारच. पवनचक्की आपल्याकडे पावसाळ्यात जोरात फिरते, सौर पॅनल सूर्य मावळला की थांबतं, सर्व्हर मात्र रात्री तीन वाजताही तेवढीच वीज ओढतो.

गुगलला हे ठाऊक आहे, म्हणूनच तिने वेगळं मोजायला घेतलं: ज्या ग्रिडवर वीज वापरली त्याच ग्रिडवर, त्याच तासाला किती वीज कार्बनमुक्त होती? २०२४ साठी उत्तर आलं ६६ टक्के. ‘शंभर टक्के’ आणि ‘६६ टक्के’ हे दोन्ही आकडे एकाच कंपनीचे, आणि दोन्ही खरे. मजकुरात कुठला आला ते सांगायला नको.

आपल्याकडेही अशा खरेदी होतात. ॲमेझॉनने २०२३ मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यातल्या १९८ मेगावॉटच्या पवनऊर्जा प्रकल्पाची घोषणा केली. चांगली गोष्ट. पण धाराशिवला वारा पडला की मुंबईच्या ग्रिडला आधार द्यायला ट्रॉम्बे आणि डहाणूचे कोळशावरचे संच आहेतच, आणि ट्रॉम्बेजवळच्या माहुलच्या लोकांना वार्षिक सरासरी श्वासात घेता येत नाही.

‘स्वतःच्या अणुभट्ट्या, म्हणून ग्रिडवर भार शून्य.’

सप्टेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि कॉन्स्टेलेशन ही वीज कंपनी यांचा २० वर्षांचा करार झाला. पेन्सिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंडचा पहिला संच, सुमारे ८३५ मेगावॉटचा, पुन्हा सुरू करायचा. (१९७९चा अपघात झाला तो दुसरा संच; पहिला २०१९ मध्ये परवडत नाही म्हणून बंद केला होता.) ही भट्टी मायक्रोसॉफ्टची नाही, ती मायक्रोसॉफ्टच्या डेटा सेंटरला थेट तारेने जोडलेलीही नसेल. तिची वीज ग्रिडवर जाणार आणि मायक्रोसॉफ्ट ती खात्यावर घेणार. गुगलने ऑक्टोबर २०२४ मध्ये कायरोस पॉवरशी लहान अणुभट्ट्यांचा करार केला: २०३५ पर्यंत ५०० मेगावॉट. डेटा सेंटर दोन-तीन वर्षांत उभं राहतं. मधल्या वर्षांचा भार कोण उचलणार?

ॲमेझॉनने पेन्सिल्व्हेनियातल्याच सस्क्वेहाना अणुप्रकल्पाला खेटून असलेलं डेटा सेंटर घेतलं. तिथे थेट मिळणारी वीज वाढवायचा प्रस्ताव अमेरिकेच्या केंद्रीय ऊर्जा नियामकाने नोव्हेंबर २०२४ मध्ये फेटाळला. इतर वीज कंपन्यांचा आक्षेप असा होता की अणुप्रकल्पाच्या आडोशाला राहून थेट वीज घेतली तरी हा ग्राहक ग्रिडचा आधार घेणारच, आणि त्याचा खर्च मात्र बाकीच्यांवर पडेल.

मुंबईत तर अडचण नुसती वीज बनवण्याची नाही, ती शहरात आणण्याचीही आहे. १२ ऑक्टोबर २०२० आठवतोय ना? सकाळी दहाच्या सुमारास अख्खी मुंबई बंद पडली, लोकल जिथल्या तिथे उभ्या. अशा वेळी डेटा सेंटरमध्ये आधी यूपीएस आणि मग डीजी सेट घेतात, म्हणजे डिझेल. खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनी २०२३ मध्ये सुरू झाली तेव्हा कुठे थोडा श्वास मिळाला. देशातल्या डेटा सेंटरच्या क्षमतेपैकी निम्म्याच्या आसपास याच महानगर क्षेत्रात आहे. दूरवर कुठल्या भागीदारीत किती मेगावॉटची सही झाली यापेक्षा कळवा-ऐरोलीच्या सबस्टेशनात किती जागा उरली हे इथे जास्त मोलाचं.

‘उरलेल्या उष्णतेवर घरं ऊब घेतात.’ घेतात. डेन्मार्कमधल्या ओडेन्सेत मेटाच्या, म्हणजे फेसबुकवाल्या कंपनीच्या, डेटा सेंटरची उष्णता गावाच्या गरम पाण्याच्या जाळ्यात जाते. ती सोय उत्तर युरोपात आहे, कारण तिथे पाइप आधीपासून घरोघर गेलेले आहेत. नवी मुंबईतल्या रबाळ्यात ऊब कोणाला विकणार?

राहिला न लिहिलेला मुद्दा, बेरजेचा. मजकूर गृहीत धरतो की कार्यक्षमता वाढली की एकूण वीज घटते. एक दशक तसं जवळपास झालंही: २०१० ते २०१८ या काळात जगातल्या डेटा सेंटरचं काम साडेपाच पटींनी वाढूनही त्यांची वीज अवघी सहा टक्क्यांच्या आसपास वाढल्याचा अंदाज ‘सायन्स’ या नियतकालिकात २०२० मध्ये छापून आला होता. मजकूर लिहिणारा तेव्हा असता तर मी वाद घातला नसता. नंतर एआय आलं. अमेरिकेत डेटा सेंटरची वीज २०१४ मध्ये ५८ अब्ज युनिट होती, २०२३ मध्ये १७६ अब्ज. आयर्लंडमध्ये २०१५ मध्ये देशाच्या मीटरवरच्या विजेपैकी ५ टक्के डेटा सेंटरला जात होती, २०२३ मध्ये २१ टक्के, तिथल्या सगळ्या शहरी घरांपेक्षा जास्त. मायक्रोसॉफ्टने २०२४च्या अहवालात स्वतःच सांगितलं की २०२०च्या तुलनेत उत्सर्जन २९ टक्क्यांनी वाढलंय. त्यात मोठा वाटा नव्या इमारतींच्या सिमेंट-लोखंडाचा आणि चिपचा. त्याला कुठल्या पवनचक्कीचा करार पुरणार?

भागीदारी नको असं माझं म्हणणं नाही. ती कशाची आहे ते बघा, इतकंच. आयर्लंडच्या नियामकाने २०२१ मध्ये नव्या डेटा सेंटरच्या जोडणीसाठी निकष घातले: ग्रिडवर ताण आला की हा ग्राहक आपली मागणी कमी करू शकतो का, स्वतःची वीज उभी करू शकतो का? आणि ऑगस्ट २०२५ मध्ये गुगलने अमेरिकेतल्या दोन वीज कंपन्यांशी, इंडियाना मिशिगन पॉवर आणि टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीशी, करार केले की मागणी टोकाला गेली की एआयची काही कामं थांबवायची किंवा पुढे ढकलायची. नवी भट्टी नाही, नवा पंखा नाही, फक्त घड्याळ पाहून काम करायचं. एप्रिलच्या दुपारी मुंबईतले सगळे एसी एकदम चालू होतात तेव्हा नवी मुंबईतल्या एखाद्या डेटा सेंटरने तसं केलं, तर तो फॉरवर्ड ग्रुपवर सगळ्यांत आधी मीच टाकेन.